नोंद पक्की, पण काट्याचं काय?

केंद्र सरकारने 4 सप्टेंबर 2024 रोजी राष्ट्रीय ब्लॉकचेन आराखडा जाहीर केला. धाराशिव जिल्ह्यात खरिपात चर्चा असते ती सोयाबीनच्या शेंगा किती भरल्या याची. ती असायलाच हवी. पण ब्लॉकचेनचा आपल्याशी खरा संबंध येतो तोही सोयाबीनमुळेच.

काढणी सुरू झाली की सगळ्यांचा माल एकदम बाजारात उतरतो. 2024-25 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता. बाजारात सोयाबीन त्याच्या खालीच गेलं. दुकानाची उधारी, दिवाळी, रब्बीचं बी-बियाणं डोक्यावर असताना भाव वाढेपर्यंत थांबणार कोण? माल वखारीत ठेवून पावतीवर उचल घेणं, हा त्यावरचा जुना उपाय. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे. घोडं अडतं ते कागदापाशी. पावती खरी का, तिच्यावर आणखी कुणी कर्ज दिलंय का, या शंकेपायी बँक हात आखडता घेते. राज्य वखार महामंडळाने ही पावती ब्लॉकचेनवर आणली, हे मोठं काम झालं. ब्लॉकचेनमध्ये तीच नोंद अनेक संगणकांवर राहते. एका ठिकाणी गुपचूप खाडाखोड केली तर बाकीच्यांशी जुळत नाही. पावतीवरचा बोजा बँकेला तिथेच दिसतो.

मात्र नोंद होण्याआधी माल काट्यावर चढतो. पोत्यातले मूठभर दाणे आर्द्रतामापकात जातात आणि शेतकरी श्वास रोखून आकड्याकडे बघत राहतो. हमीभावाने विकताना तो 12 टक्क्यांच्या वर गेला की माल परत नेऊन वाळवा, नाहीतर मिळेल त्या भावाला द्या. 2024-25 च्या हंगामात ही मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली, इतका हा आकडा शेतकऱ्याच्या जिव्हारी लागतो. तो चुकीचा लिहिला गेला, तर ब्लॉकचेन चुकीचा आकडाच जन्मभर जपून ठेवेल. हाताने आकडा भरण्याची ही जागा मोकळी सोडून पुढची नोंद कितीही पक्की केली, तरी शेतकऱ्याच्या पदरात काही पडणार नाही.

काढणीआधी जिल्हा प्रशासन, बाजार समित्या आणि वखार महामंडळ यांनी निदान मोठ्या केंद्रांवर काटा आणि आर्द्रतामापक थेट नोंदीला जोडावेत, पावती मराठीत छापून जागेवर हातात द्यावी. आणि शेतकरी बांधवांनी ती खिशात घालण्याआधी वजन आणि आर्द्रता, दोन्ही आकडे वाचून घ्यावेत.