संग्रहालयाचा हिशेब

निसर्गेतिहास संग्रहालयाची उपयुक्तता तिकिटांच्या खपावरून मोजणे अर्थखात्याला सोयीचे असले तरी ती मोजपट्टीच चुकीची आहे. पेंढा भरलेला वाघ पाहून मुले हरखतात आणि ते इष्टच आहे. परंतु ते दालन म्हणजे दुकानाचा दर्शनी भाग. खरे भांडवल असते मागील खोल्यांत: खणांतून ओळीने मांडलेली पक्ष्यांची कातडी, टाचलेले कीटक, अंडी आणि प्रत्येकासोबत स्थळ व तारीख नोंदलेली चिठ्ठी.

या भांडवलाचा परतावा केव्हा मिळेल, हे आगाऊ सांगता येत नाही. ब्रिटनमध्ये बहिरी ससाणे घटू लागले, तेव्हा डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहालयांतील व हौशी संग्राहकांकडील जुनी अंडी तपासली. १९४७ च्या सुमारापासून त्यांची कवचे पातळ होत गेल्याचे त्यांनी १९६७ साली दाखविले. डीडीटीविरुद्धच्या लढ्यात तो महत्त्वाचा पुरावा ठरला. जुन्या संग्राहकांपैकी अनेकांच्या काळी डीडीटी शेतात आलेलेही नव्हते! हा उपयोग कोणत्या अंदाजपत्रकात मांडता आला असता?

काटकसरीचा लाभ मात्र त्याच वर्षी कागदावर दिसतो. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गेतिहास विभागात १९२६ साली सलीम अली मार्गदर्शक-व्याख्याते झाले. रजा घेऊन बर्लिनच्या संग्रहालयात शिकून ते १९३० साली परतले, तो पैशाअभावी ते पदच रद्द झालेले. मग किहीमला त्यांनी सुगरणीचा अभ्यास केला, ही हकीकत कौतुकाने सांगितली जाते. त्याचे श्रेय त्यांच्या चिकाटीला आहे. पद रद्द करणाऱ्यांनी ते घेऊ नये.

माणूस निदान दुसरीकडे जाऊ शकतो, खणातला कीटक नाही. दिल्लीचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय २६ एप्रिल २०१६ रोजी जळाले. रिओ दि जानेरोच्या राष्ट्रीय संग्रहालयाने जून २०१८ मध्ये द्विशताब्दी साजरी केली. देखभालीचा पैसा वर्षानुवर्षे आटत गेला होता. दुरुस्ती व अग्निसुरक्षेसाठी निधीचा करार झाला तोही त्याच महिन्यात; तो निधी कामी येण्यापूर्वीच, २ सप्टेंबरच्या रात्री, इमारत भस्मसात झाली. जवळच्या अग्निशामक नळांना पुरेसे पाणी नव्हते. सुमारे २ कोटी वस्तूंपैकी बहुतेक गेल्या.

नव्या दालनाच्या उद्घाटनास मंत्री येतात. वाळवी, कसर आणि ओल रोखण्याच्या खर्चाला कापायला फीत नसते. म्हणून संग्रहांच्या देखभालीची तरतूद स्वतंत्र शीर्षाखाली असावी आणि तिकिटांच्या उत्पन्नाशी तिचा संबंध तोडावा. वर्गीकरण जाणणाऱ्या अभ्यासकांच्या रिकाम्या जागा आधी भराव्यात. दालने मागाहून उघडली तरी चालतील.