आपल्या वायफायवर हा कोण पाहुणा?

इंदूरहून मावशीचा फोन आला, तो तावातावातच. "अगं, आमच्या वायफायवर अकरा जण बसलेत! घरात माणसं आम्ही दोन. वरच्या मजल्यावरचा तो भाडेकरू मुलगाच आमचं नेट वापरतोय. आत्ता जाऊन विचारतेच त्याला." राउटरच्या अ‍ॅपमध्ये तिला जोडलेल्या उपकरणांची यादी दिसली होती. त्यात ‘ईएसपी’ने सुरू होणारं एक अगम्य नाव होतं आणि दोन-तीन ठिकाणी नुसतंच ‘अननोन’.

मी म्हटलं, "मावशी, तासभर थांब. आधी घरातली शिरगणती करू, मग वर जा."

ही यादी पाहून घाबरणारी मावशी एकटी नाही. ती वाचायची कशी, हे कळलं की भीती बरीचशी जाते. प्रत्येक उपकरणापुढे साधारण तीन गोष्टी लिहिलेल्या असतात.

पहिली, आतला पत्ता. म्हणजे १९२.१६८.१.७ असा आकडा. हा फ्लॅट नंबरसारखा असतो. ३०२ नंबरचा फ्लॅट कितीतरी इमारतींत असतो, तसा हा पत्ताही लाखो घरांत सापडेल. फक्त आतल्या वापरासाठी असे काही पत्ते १९९४ साली राखून ठेवले गेले. बाहेरच्या जगाला आपल्या राउटरचा पत्ता दिसतो आणि आलेला माल कोणत्या खोलीत द्यायचा, हे राउटर बघतो. मात्र हे आतले पत्ते कायमचे नसतात. राउटर ते ठराविक मुदतीसाठी देतो. लाइट जाऊन आली की कालचा सात नंबर आज बारा होऊ शकतो. आकडा लक्षात ठेवून उपकरण ओळखायला गेलात, तर फसाल.

दुसरी, होस्टनेम. हे उपकरणाने स्वतःबद्दल सांगितलेलं नाव. कंपनीने जे घातलं असेल ते. स्वस्तातले बरेच स्मार्ट बल्ब आणि प्लग एस्प्रेसिफ या कंपनीच्या चिपवर चालतात, म्हणून ते ‘ईएसपी’ असं नाव सांगतात. काही उपकरणं नाव सांगतच नाहीत. मग येतं ‘अननोन’.

तिसरी, मॅक अ‍ॅड्रेस. दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. हा उपकरणाला कारखान्यातच मिळतो आणि पहिल्या तीन जोड्यांवरून कंपनी कळते. पण कोणी आपला माग काढू नये म्हणून हल्लीचे फोन इथे खरा क्रमांक न देता बनावट देतात. ओळखायची खूण सोपी आहे. पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर बहुधा तो असा बनावट क्रमांक आहे. शिवाय फोन प्रत्येक वायफायला वेगळा क्रमांक देतो. घरच्या राउटरची साधं आणि ‘५जी’ अशी दोन नावं असतील, तर एकच फोन यादीत दोनदा दिसू शकतो.

आता शिरगणती. राउटरच्या खालच्या स्टिकरवर त्याचं पान उघडायचा पत्ता असतो, किंवा कंपनीचं अ‍ॅप असतं. यादी उघडून ठेवा आणि घरातलं एकेक उपकरण बंद करत जा. थोडं थांबून यादी ताजी करा. जी ओळ गेली, ते ते उपकरण. लगेच त्याला राउटरमध्येच नाव द्या : ‘हॉल-टीव्ही’, ‘गीझर-प्लग’. नाव रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहा. बऱ्याच राउटरना देवनागरी चालत नाही.

प्रिंटर आणि कॅमेरा यांचा पत्ता मात्र पक्का करून टाका. राउटरमध्ये ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ अशा नावाची सोय असते. लाइट गेल्यानंतर प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतो, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं की प्रिंटरचा पत्ता बदललेला असतो आणि लॅपटॉप जुन्याच दारावर टकटक करत बसतो.

सगळं करूनही एखादी ओळ ओळखू आली नाही, तर कोणावर संशय घेऊ नका. वायफायचा पासवर्ड बदला. घरातली उपकरणं पुन्हा जोडायला अर्धा तास जाईल, पण बिनबोलावता पाहुणा परत येणार नाही. राउटरच्या सेटिंगचा पासवर्डही तेव्हाच बदला. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करा.

आणखी एक. तुमच्या फोनचं नाव हॉटेलच्या किंवा कॅफेच्या वायफायवर इतरांनाही दिसू शकतं. त्यात पूर्ण नाव किंवा फ्लॅट नंबर असेल, तर आजच काढा. मुलींच्या फोनवर तर आवर्जून पाहा.

मावशीच्या अकरा जणांचा हिशेब तासाभरात लागला. तिचा आणि काकांचा फोन दोन्ही वायफायवर, म्हणून चार ओळी. टीव्ही, लॅपटॉप, टॅब, प्रिंटर, दाराचा कॅमेरा. ‘ईएसपी’ म्हणजे गीझरचा प्लग. आणि अकरावा होता दिवाळीत येऊन गेलेल्या जावयाचा लॅपटॉप. तो केव्हाच गेला होता, राउटरने त्याची ओळ मात्र पुसली नव्हती.

मावशी जरा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "बरं झालं गं, वर गेले नाही. परवाच त्या मुलाने सिलिंडर वर आणून दिला होता."

पासवर्ड बदलता येतो. शेजाऱ्यावर घेतलेला आळ तसा मागे घेता येत नाही. म्हणून या रविवारी आधी यादी काढा, नावं द्या, आणि ती एका वहीत लिहून ठेवा.