बक्षीस कुणाला द्यावे?

(शाळेत प्रश्नमंजूषा होतात, बक्षिसे वाटली जातात. पण प्रश्न कसा असावा आणि बक्षीस कसे द्यावे, याचा विचार सहसा होत नाही. हिंगणघाट येथील एका शिक्षकाने संगणकाच्या सुट्या भागांची बक्षिसे ठेवून प्रश्नमंजूषा घेतली. त्या अनुभवावरून बनलेले आपले मत त्यांनी या पाठात मांडले आहे.)

उर्दूत आपण ज्याला ‘इनाम’ म्हणतो, त्याला मराठीत ‘बक्षीस’ म्हणतात. गंमत अशी, की मराठीत ‘इनाम’ म्हणजे राजाने बहाल केलेली जमीन, आणि उर्दूत ‘बख्शिश’ म्हणजे खूश होऊन कुणाच्या हातावर ठेवलेली रक्कम. शब्द दोन्ही भाषांत तेच आहेत, फक्त त्यांनी आपापली जागा बदलली आहे. पण एक प्रश्न दोन्ही भाषांत सारखाच उरतो. बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीने मिळते, की मिळवणाऱ्याचा त्यावर हक्क असतो?

हा प्रश्न मला पुस्तकामुळे पडला नाही. तो आमच्या शाळेतल्या एका प्रश्नमंजूषेमुळे पडला.

आमच्या हिंगणघाटात संगणक दुरुस्त करणारे काही तरुण आहेत. त्यांपैकी दोघे आमच्याच शाळेचे माजी विद्यार्थी. एके दिवशी ते शाळेत आले आणि म्हणाले, “सर, आमच्याकडे काही नवे सुटे भाग आहेत. कीबोर्ड आहेत, माऊस आहेत, पेन ड्राइव्ह आहेत. मुलांसाठी काही स्पर्धा घ्या आणि हे वाटून टाका.” मला आनंद झाला. मी ताबडतोब होकार दिला.

पहिल्या वर्षी मी अगदी साधी पद्धत ठेवली. सभागृहात आठवी ते दहावीची मुले बसवली. मी प्रश्न विचारायचा, जो प्रथम हात वर करील त्याने उत्तर द्यायचे, आणि उत्तर बरोबर असेल तर वस्तू त्याची. “संगणकाचा मेंदू कशाला म्हणतात?” “एका बाइटमध्ये किती बिट असतात?” असे माझे प्रश्न होते. अर्ध्या तासात सगळी बक्षिसे संपली. टाळ्या झाल्या. घरी जाताना मात्र माझ्या लक्षात आले, की बहुतेक सगळी बक्षिसे तीनच मुलांना मिळाली होती, आणि त्या तिघांच्याही घरी आधीपासून संगणक होता. ज्यांनी कीबोर्डाला कधी बोटही लावले नव्हते, ते टाळ्या वाजवून रिकाम्या हाताने घरी गेले होते.

यात त्या तीन मुलांचा काहीच दोष नव्हता. दोष पद्धतीचा होता. ज्याच्या घरी वस्तू आहे, त्याला तिची नावे पाठ असणारच. मी ज्ञानाची परीक्षा घेत आहे असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी घरच्या परिस्थितीची आणि हात वर करण्याच्या वेगाची परीक्षा घेत होतो.

म्हणून दुसऱ्या वर्षी मी नियम बदलले. रोज एक प्रश्न उर्दूत आणि मराठीत फलकावर लिहायचा. उत्तर शोधायला पूर्ण दोन दिवस द्यायचे. घरी विचारा, ग्रंथालयात बघा, मोबाइलवर शोधा, कसलीही मनाई नाही. उत्तराची चिठ्ठी पेटीत टाकायची. जितकी उत्तरे बरोबर असतील, तितक्या चिठ्ठ्या एका डब्यात घालून सर्वांसमोर एक चिठ्ठी उचलायची आणि त्या मुलाला बक्षीस द्यायचे. प्रवेशासाठी एक पैसाही घ्यायचा नाही.

यावर एका पालकांनी हरकत घेतली. ते म्हणाले, “सर, चिठ्ठी उचलून बक्षीस देणे म्हणजे लॉटरीच झाली!” त्यांची शंका रास्त होती. पूर्वी आपल्या देशात शब्दकोड्यांच्या मोठमोठ्या स्पर्धा चालत. लोक प्रवेश फी भरून कोडी पाठवत आणि नशिबाची वाट पाहत. त्यांना आळा घालण्यासाठी १९५५ साली बक्षीस स्पर्धांविषयीचा कायदा झाला. पुढे १९५७ साली, अशा स्पर्धा चालवणाऱ्या चमारबागवाला यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा फरक सांगितला. जिथे यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते, ती स्पर्धा जुगार नव्हे.

मी त्या पालकांना म्हणालो, “आपण कुणाकडून पैसे घेत नाही, त्यामुळे इथे हरण्यासारखे कुणाकडे काही नाही. आणि ज्याचे उत्तर चुकले, त्याची चिठ्ठी डब्यात जातच नाही. एका कीबोर्डाचे वीस तुकडे करता येत नाहीत, म्हणून बरोबर उत्तर देणाऱ्यांतून एकाला निवडण्यापुरतीच ही सोडत आहे.” त्यांचे समाधान झाले. मीही निश्चिंत झालो. आता पद्धत न्याय्य झाली, असे मला वाटले.

पण खरी परीक्षा पुढेच होती, आणि ती माझी होती.

एके दिवशी मी फलकावर लिहिले, ‘भारतातील पहिला संगणक कोणता?’ माझ्या वहीत उत्तर होते ‘टिफ्रॅक’. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनलेला हा संगणक १९६० साली सुरू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ते नाव दिले. बऱ्याच मुलांनी हेच उत्तर लिहिले. सहा चिठ्ठ्यांवर मात्र कोलकात्याचे नाव होते. त्या मी चुकीच्या ठरवून बाजूला काढल्या. सोडत झाली आणि नववीतल्या एका मुलाला कीबोर्ड मिळाला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आठवीतली एक मुलगी शिक्षककक्षाच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात वही होती. ती हळू आवाजात म्हणाली, “सर, रागावू नका. पण कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ सालीच इंग्लंडहून संगणक आणला होता. तो टिफ्रॅकच्या आधीचा आहे.”

मी म्हणालो, “अगं, पण तो आपल्याकडे कुठे बनला होता? तो तर विकत आणला होता.”

ती म्हणाली, “हो सर. पण तुमच्या प्रश्नात ‘बनलेला’ हा शब्द नव्हता.”

मी गप्प झालो. फलकावरचा प्रश्न मी पुन्हा वाचला. ‘भारतातील पहिला’ आणि ‘भारतात बनलेला पहिला’ यांत फक्त एका शब्दाचा फरक. पण त्या एका शब्दासाठी सहा मुलांची उत्तरे मी चुकीची ठरवली होती. त्या रात्री मी आणखी शोध घेतला, तेव्हा माझी उरलीसुरली खात्रीही गेली. कोलकात्याच्या त्याच संस्थेत १९५३ साली समरेंद्रकुमार मित्र यांनी एक संगणक तयार केला होता. तो अॅनालॉग प्रकारचा होता, म्हणजे आकड्यांऐवजी विजेच्या कमीजास्त दाबावरून गणित सोडवणारा. म्हणजे नुसता ‘बनलेला’ शब्द घालूनही माझा प्रश्न पुरा होत नव्हता. त्यात ‘अंकीय’ हाही शब्द हवा होता.

आता काय करावे? गप्प बसलो असतो तर कुणी काही विचारले नसते. पण त्या सहा मुलांना काय वाटले असते? शिक्षकाच्या वहीत जे लिहिले असेल तेच खरे, असे त्यांना वाटले असते. बक्षीस मर्जीने मिळते, हाच धडा ते शिकले असते.

दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या वेळी मी सर्वांसमोर सांगितले, “माझा प्रश्न चुकला होता. ही सहा उत्तरेही बरोबर आहेत.” ज्याला कीबोर्ड मिळाला होता, त्याचा मी परत घेतला नाही. त्याने कसलीच लबाडी केली नव्हती. मी माझ्या पैशाने दुसरा कीबोर्ड आणला आणि त्या सहा चिठ्ठ्यांची वेगळी सोडत काढली. त्या मुलीची चिठ्ठी निघाली नाही. मला वाईट वाटले. ती मात्र हसून म्हणाली, “सर, आता हिशोब बरोबर झाला.”

काही सहकारी मला म्हणाले, “मुलांसमोर चूक कबूल केली, तर शिक्षकाचा मान कमी होतो.” मला तसे वाटत नाही. त्या दिवसापासून पेटीतल्या चिठ्ठ्या वाढल्या. मुले उत्तराखाली ‘हे कुठे सापडले’ तेही लिहू लागली. न्याय होईल असा भरवसा असला, की माणूस कष्ट करायला तयार होतो.

प्रश्नांविषयीही माझे मत तेव्हापासून बदलले. आज नुसती नावे आणि सने मोबाइलवर क्षणात सापडतात. अशा प्रश्नांना बक्षीस कशाला? प्रश्न असा हवा, की उत्तर शोधताना मुलाला चार माणसांशी बोलावे लागेल आणि थोडा विचार करावा लागेल. ‘परम महासंगणक कधी बनला?’ याचे उत्तर ‘१९९१’ एवढ्यात संपते. पण ‘तो पुण्यात का बनवावा लागला?’ असे विचारले, की गोष्ट सुरू होते. भारताला हवा होता तो महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिला. मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. आपल्याच विदर्भातल्या अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या लोकांनी अनेक लहान प्रोसेसर एकत्र कामाला लावून मोठे काम करून दाखवले.

आणखी एक प्रश्न मी विचारला, ‘कापडाच्या मागाचा आणि संगणकाचा काय संबंध?’ आपले हिंगणघाट कापसाचे गाव. एका मुलाने गिरणीत काम केलेल्या आपल्या आजोबांना गाठले आणि मागावर नक्षी कशी उठते ते समजून घेतले. मग त्याने पुस्तकात जाकार या फ्रेंच माणसाची माहिती शोधली. १८०४ साली त्याने छिद्रांच्या कार्डांवर चालणारा माग तयार केला. जिथे छिद्र असेल तिथला धागा उचलला जाई, नसेल तिथला खाली राही. ‘होय’ किंवा ‘नाही’, एवढीच त्या कार्डाची भाषा. पुढे चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणनयंत्रासाठी अशीच कार्डे योजली. विसाव्या शतकातले अनेक संगणकही छिद्रांची कार्डे वाचत. त्या मुलाच्या घरी संगणक नाही. पण या प्रश्नासाठी लागणारे निम्मे ज्ञान त्याच्या आजोबांपाशी होते.

आणि एक प्रश्न तर खास आपल्या गावचा. पूर्वी ‘कॉम्प्युटर’ हे यंत्राचे नाव नव्हते, गणित करणाऱ्या माणसाचे होते. भारताच्या मोठ्या त्रिकोणमितीय मोजणीत १८३१ साली राधानाथ सिकदार यांची ‘कॉम्प्युटर’ म्हणूनच नेमणूक झाली होती. एव्हरेस्ट शिखराच्या उंचीचे गणित त्यांच्या नावाशी जोडलेले आहे. ही मोजणी ज्यांनी सुरू केली, ते विल्यम लॅम्बटन १८२३ साली काम करता करता आपल्या हिंगणघाटातच वारले. त्यांची कबर इथेच आहे. हे वाचल्यावर ‘संगणक आणि आपला काय संबंध?’ असे कोण म्हणेल?

म्हणून माझे मत असे आहे. बक्षीस जरूर ठेवावे, त्यामुळे मुले पेटीपर्यंत येतात. पण प्रश्न विचारणाऱ्याने आपला प्रश्न आधी दहा वेळा वाचावा. नियम सर्वांना आधी सांगावेत. आणि चूक आपली असेल, तर ती भरून काढण्याची तयारी ठेवावी. वाटलेले कीबोर्ड काही वर्षांनी निकामी होतील. पण आपल्या बाजूने पुरावा असेल, तर शिक्षकांच्या दाराशी जाऊन ‘सर, रागावू नका, पण…’ असे म्हणता येते, हे आमच्या शाळेतल्या मुलांना आता माहीत झाले आहे. यंदाच्या प्रश्नांची वही मी मुलांच्या हाती देणार आहे. प्रश्न त्यांनी काढायचे आणि चिठ्ठी मी टाकायची, असे ठरले आहे.

स्वाध्याय

१. पहिल्या वर्षीच्या पद्धतीत लेखकाला कोणता दोष दिसला?
२. ‘भारतातील पहिला’ आणि ‘भारतात बनलेला पहिला’ यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
३. लेखकाने पहिल्या मुलाचा कीबोर्ड परत का घेतला नाही? तुम्ही काय केले असते?
४. ‘इनाम’ आणि ‘बक्षीस’ यांसारखे, उर्दूत व मराठीत वेगळा अर्थ असलेले आणखी दोन शब्द शोधा.
५. तुमच्या गावाशी संबंधित असा एक प्रश्न तयार करा, की ज्याचे उत्तर शोधण्यासाठी घरातील वडीलधाऱ्यांशी बोलावे लागेल.