पत्र आले, पण गेले का?



आमच्या शेजारच्या विडी कामगार ताईंची मुलगी मागे एकदा धावतच आमच्याकडे आली. नोकरीच्या अर्जाची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत आणि घरचे नेट बंद. आम्ही आमच्या मोबाइलचे नेट तिच्या लॅपटॉपला जोडून दिले. आलेले ई-मेल भराभर उतरले. अर्ज मात्र 'आउटबॉक्स'मध्येच अडकून बसला. पोर रडकुंडीला आली.

आम्ही पडलो कारकून. आवक आणि जावक यांची टेबले वेगळी असतात, हे आम्ही जाणतो. ई-मेलचेही तसेच आहे. टपाल घेताना पासवर्ड विचारतात, म्हणून ते कुठल्याही नेटवर मिळते. जावक मात्र तिच्या लॅपटॉपमध्ये घरच्या नेट कंपनीच्या सर्व्हरवर लावलेली होती. तो सर्व्हर पासवर्ड विचारत नाही, फक्त आपल्या जोडणीवरचा ग्राहक ओळखतो. दुसऱ्या जोडणीवरून गेलात की तुम्ही परके.

ही पद्धत जुनी आहे. ई-मेल पाठवण्याचे नियम १९८२ साली ठरले, तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची सोय त्यांत नव्हती. जावकीचे दार, म्हणजे पोर्ट, २५ क्रमांकाचे. पुढे फसव्या जाहिरातींचा सुळसुळाट झाला आणि अनेक कंपन्यांनी ग्राहकांसाठी हे दार बंद केले. १९९८ साली पत्र सोपवण्यासाठी ५८७ क्रमांकाचे वेगळे दार ठरले. तेथे नाव व पासवर्ड सांगायचा, मग नेट कोणाचेही असो.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हा घरच्या टेलिफोनवरूनच नेट लागे, म्हणून ही अडचण फारशी जाणवत नसे. आज आपली मुले सकाळी सोलापुरात घरच्या नेटवर, तर रात्री पुण्याला मावशीच्या वायफायवर असतात.

त्या दिवशी ब्राउझरमधून तिचे ई-मेल खाते उघडले आणि पावणेपाचला अर्ज रवाना केला. मग लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये 'आउटगोइंग सर्व्हर' तिच्या ई-मेल सेवेचाच घातला, पोर्ट ५८७ केले आणि पासवर्डची खूण लावली. काही सेवा ४६५ सांगतात, तेही चालते.

जावक क्रमांक पडल्याशिवाय पत्र गेले असे आम्ही कचेरीत मानत नाही. मुलांनाही हेच शिकवा. 'सेंड' दाबून उठू नका. पत्र 'सेंट'मध्ये दिसते का ते पाहा, परत आल्याची सूचना तर नाही ना तेही पाहा आणि अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नका. आईने विड्या वळून शिकवलेल्या लेकीचा अर्ज आउटबॉक्समध्ये कुजता कामा नये.