पायरीवरचा नाच

चैत्रात कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा आईची यात्रा भरते. मुंबई, ठाणे, रायगडकडचे कोळी-आगरी बांधव पालख्या घेऊन येतात आणि पायऱ्यांवर ढोलाच्या तालावर नाचत वर चढतात; साठी उलटलेल्या म्हाताऱ्यासुद्धा. त्याच वेळी लेणी पाहायला आलेली काही शहाणी मंडळी कडेला उभी राहून नाक मुरडतात. "श्रद्धा मनात असावी, तिचे प्रदर्शन कशाला?" हे वाक्य आमच्या शिक्षकांच्या खोलीतही मी इतक्यांदा ऐकले आहे, की आता त्याचा समाचार घेतल्यावाचून राहवत नाही.

मनात असावी! का हो? मुलगा पास झाला की आळीभर पेढे वाटता, क्रिकेटचा सामना जिंकला की भररस्त्यात फटाके उडवता. मग आईच्या दारी आलेल्या कोळणीनेच आपला आनंद पदराखाली का झाकावा? खरे कारण निराळे आहे. देव आपल्याला नकोसा नसतो. घरी देव्हाऱ्यापुढे आपणही गुपचूप हात जोडतो. भीती असते ती चारचौघांत अडाणी दिसण्याची.

बरे, जी लेणी पाहायला ही मंडळी येतात, ती तरी काय सांगतात? देवळाला लागूनच दोन हजार वर्षांचे चैत्यगृह आहे. त्यावर दात्यांची नावे चक्क कोरलेली आहेत. वैजयंतीचा भूतपाल शेठ, हे शैलगृह साऱ्या जंबुद्वीपात उत्तम असल्याचे कोरवून मोकळा झाला! आणि धेनुकाकटचा सिंहदत्त नावाचा गंधी, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा. त्याने दार दिले. नाव, धंदा, गाव, दान. पुढे अवाक्षर नाही. मला हा गंधी फार आवडतो. उघडपणे सांगणे निराळे आणि मिरवणे निराळे, हे त्याला बरोबर कळले होते.

आमची इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते आणि मावळातून देहूला जाते. तिच्याच काठी तुकोबा कीर्तनात रंगले. त्यांचे टाळकरी संताजी जगनाडे तेली. त्यांची समाधी आमच्या मावळातल्या सुदुंबऱ्याला आहे. तुकोबांनाही शहाण्यांनी बोल लावलेच. वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, असे परंपरा सांगते. त्यांनी मनातल्या मनात भजन केले असते, तर वह्या बुडवायची वेळ आली नसती. पण मग त्या लिहिल्याच गेल्या नसत्या!

कानठळ्या बसवणारे कर्णे आणि देवीहून मोठे पुढाऱ्याचे चित्र, यांची वकिली मी करीत नाही. ते लोकांपुढे नाचणे झाले. पण कोण पाहते, कोण हसते याकडे ढुंकूनही न बघता नाचणारी ती म्हातारी वर पोचताच उंबऱ्यावर डोके टेकते, तेव्हा तिच्यात प्रदर्शन शोधणाऱ्याने आधी आपला चष्मा पुसावा.

येत्या चैत्रात लेणी पाहायला जरूर या. फक्त पायरीच्या मधोमध उभे राहू नका. पालखी वर येत असते, धक्का लागायचाच.