तक्त्याआधी आलेख

प्रबंधातले 'माहितीचे विश्लेषण' हे प्रकरण उघडले की बहुतेकदा तेच दिसते. एसपीएसएसने दिलेला रिग्रेशनचा तक्ता जसाच्या तसा डकवलेला, पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी म्हणून 'गृहीतक सिद्ध झाले' असे एक वाक्य, आणि लगेच पुढचा तक्ता. ज्या निरीक्षणांतून हे आकडे आले त्यांचा आलेख कुठेच नसतो. मार्गदर्शक तो मागत नाहीत आणि तोंडी परीक्षेतही त्याबद्दल कोणी विचारत नाही, याची आम्हाला जास्त काळजी वाटते.

फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम्ब यांनी १९७३ साली 'द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन'मधल्या छोट्या लेखात चार डेटासंच मांडले. प्रत्येकात ११ जोड्या. चारही संचांत एक्सची सरासरी ९, वायची ७.५, सहसंबंध गुणांक सुमारे ०.८२. रिग्रेशनची रेषाही तीच: आंतरछेद ३, उतार ०.५. उताराची पी-व्हॅल्यू चारही वेळा ०.००२ च्या आसपास. नुसते तक्ते पाहून कोणता संच कोणता, हे कोणालाही सांगता येणार नाही.

आलेख काढले की चित्र पालटते. पहिल्या संचात सरळ रेषा शोभते. दुसऱ्यात बिंदू स्पष्ट वक्रावर आहेत, तिथे सरळ रेषा बसवणेच चूक. तिसऱ्यात दहा बिंदू जवळजवळ एका रेषेत आणि एक भलताच वर. तो वगळला की उतार ०.५ वरून सुमारे ०.३५ वर येतो. चौथ्यात दहा निरीक्षणांचा एक्स ८ आहे आणि उरलेल्या एकाचा १९. ते एक काढून टाकले तर उतार काढताच येत नाही. म्हणजे तो सगळा 'महत्त्वपूर्ण' संबंध एकाच निरीक्षणावर उभा आहे.

या चौथ्या संचावर वर्गात थोडा जास्त वेळ द्यावा. रेषा त्या एकट्या बिंदूमधूनच जाते, त्यामुळे त्याचा रेसिड्युअल शून्य येतो. 'मोठे रेसिड्युअल शोधा' एवढेच शिकलेला विद्यार्थी त्याला निर्दोष समजून पुढे जाईल. तो पकडायचा तर लिव्हरेज पाहावे लागते, आणि इथे ते १ आहे, याहून अधिक असूच शकत नाही. आरमध्ये या मॉडेलचे तपासणीचे आलेख काढले तर तशी सूचनाही मिळते. हे चारही संच आरमध्ये आधीपासूनच दिलेले असतात आणि आर विनामूल्य आहे, तेव्हा साधनांची अडचण सांगता येणार नाही.

आमची सूचना साधी आहे. पहिल्या तासाला संगणक बंद ठेवा. विद्यार्थ्यांना कागदावर बिंदू मांडू द्या, पट्टीने अंदाजाची रेषा आखू द्या, आणि मगच सॉफ्टवेअरची रेषा दाखवा. पी-व्हॅल्यूवरून परिणाम किती मोठा किंवा किती महत्त्वाचा हे कळत नाही, असे अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. आपल्या प्रश्नपत्रिका मात्र अजूनही 'महत्त्वपूर्ण आहे की नाही' इथेच थांबतात.

पुढील अंकापासून रिग्रेशनवर आधारलेल्या लेखासोबत मूळ निरीक्षणांचा आलेख, रेसिड्युअल आणि लिव्हरेजची तपासणी, तसेच उताराचा कॉन्फिडन्स इंटरव्हल नसेल, तर तो लेख आम्ही परीक्षणासाठी पाठवणार नाही. एखादे निरीक्षण वगळले असल्यास त्याचे कारण आणि वगळण्यापूर्वीचा निकाल, दोन्ही द्यावेत.