मोहीची ललिता आणि आमच्या शाळेचं मैदान

शिरढोणच्या आमच्या किशोरी गटात नववीतली एक मुलगी आहे. तालुक्याच्या स्पर्धेत ती १५०० मीटरला पहिली आली. मी कौतुकानं घरी गेले, तर आजी म्हणाली, "ताई, बक्षीस मिळालं ना? आता बास. पहाटे हायवेच्या कडेनं पोरीनं पळायचं म्हणजे लोक काय म्हणतील?" आई भाकऱ्या थापत होती, ती काहीच बोलली नाही.

मी ललिता बाबरचं नाव काढलं. साताऱ्याच्या माण तालुक्यातलं मोही तिचं गाव. दुष्काळी मुलूख, घर शेतकऱ्याचं. शाळेत ती खो-खो खेळायची. पुढे २०१२ ते २०१४ सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. मग वळली स्टीपलचेसकडे. ३००० मीटर पळायचं, वाटेत २८ अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा. २०१४ ला इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कांस्य, २०१५ ला वुहानला आशियाई सुवर्ण. २०१६ ला रिओत तिनं ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी ती पहिलीच भारतीय बाई. तो विक्रम २०२३ मध्ये पारुल चौधरीनं मोडला.

आणि हे बघा, पुरुष ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये १९०० सालापासून पळताहेत. बायकांना ती मिळाली २००८ मध्ये! ललिता तेव्हा १९ वर्षांची होती. म्हणजे ती शाळेत खो-खो खेळत होती तेव्हा ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये बाईसाठी नव्हतीच.

अशा मुलींबद्दल लिहिताना सगळे 'जिद्द' म्हणतात. मला या शब्दाचा राग येतो. जिद्द म्हटलं की सगळं मुलीवर ढकललं जातं. घर सुटतं, गाव सुटतं, सरकारही सुटतं. आमच्या मुलीत जिद्द कमी नाही. तिला हवा आहे रोज एक तास आणि निर्धास्त पळता येईल अशी जागा. वासुदेव बळवंतांनी एडनच्या तुरुंगाचं दार उखडलं, हे इथल्या प्रत्येक मुलाला पाठ असतं. त्यांच्याच गावात मुलीला पळायचं तर भाऊ सोबत लागतो. माझीही चूक झालीच. आधी मीच म्हणाले होते, "भावाला घेऊन जा." भाऊ दोन दिवस उठला, तिसऱ्या दिवशी झोपून राहिला. तिचं पळणं बंद.

आजीला पदकांचं काही वाटलं नाही. पण २०२० मध्ये ललिता आपल्याच रायगडात माणगावला तहसीलदार म्हणून आली, हे सांगितल्यावर ती सावरून बसली. "पळून तहसीलदार?" मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. खुर्ची मिळाली तरच मुलीचं पळणं खरं?

खो-खोला ना महागडे बूट लागतात, ना फी. मुली लागतात आणि मैदान लागतं. आमच्या शाळेच्या मैदानावर रोज संध्याकाळी मुलांचं क्रिकेट असतं. आठवड्यातले तीन दिवस ते मुलींना द्यावं, असा अर्ज गटातल्या बायकांनी लिहिलाय. येत्या ग्रामसभेत तो वाचायचा आहे. सह्या अकरा झाल्यात. बारावी मुलीच्या आईची हवी आहे. ती म्हणते, सासूबाईंना विचारून सांगते.